काठीचं पुढचं टोक

माझ्या बापानं एका बुटांच्या जोडीला नमस्कार केला. तांबूस रंगाचे बूट. नाड्या सोडलेल्या, आत मोजे कोंबलेले. सह्याद्रीच्या माथ्यावर, भर दुपारी, वैशाखाच्या उन्हात. बाप आंधळा होता. त्याला सांगितलं होतं की समोर राखणदार आहे.

भोवती सहा माणसं उभी होती. आमच्या गावचा खोत, त्याचा मुंबईचा भाचा आणि भाच्याचे चार मित्र. भाचा अनवाणी होता, कारण बूट त्याचेच. त्यानंच बापाचा खांदा धरून त्याला तिथं उभं केलं, आणि तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली.

बापानं हात जोडले. गाऱ्हाणं घातलं. मोठ्यानं घातलं, कारण राखणदाराला गाऱ्हाणं मोठ्यानंच घालायचं असतं.

"देवा राखणदारा, माझ्या चेडवाचा तोंड एकदा दाखय. एकदाच. मगे डोळे परत घेतलंस तरी चलात."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मग वाकून त्यानं हातातली पाल्याची डहाळी पुढे ठेवली. दोन्ही तळवे बुटांवर टेकवले. आणि ते तळवे थांबले. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ थांबले.

मित्रांपैकी कुणीतरी फिस्सकन हसला. मग सगळेच. खोत पोटावर हात ठेवून हसला, आणि हसता हसता माझ्याकडे बघायला लागला. त्या बघण्याचा अर्थ आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होता.

मी हसले. दात काढले. आवाज करून हसले.

त्यानंतर बापानं ते तळवे उचलून आपल्या डोळ्यांना लावले.

एवढं सांगायला मला दहा-बारा वर्षं लागली. खोताचं आणि भाच्याचं जे सांगायचं ते सांगेनच, सोडणार नाही. पण आधी माझं हसणं सांगून टाकलं. दुसऱ्याचं पाप आधी सांगत बसलं की आपलं झाकून जातं. मला झाकायचं नाही.

आम्ही महार. घर गावाबाहेर, ओहोळाच्या पलीकडे. काम बांबूचं. सुपं, रोवळ्या, मासळीच्या पाट्या विणायच्या आणि आवशीनं, माझ्या आईनं, त्या आठवड्याच्या बाजारात न्यायच्या. तिथून व्यापारी त्या गाडीत घालून मालवणला न्यायचे. मालवणच्या मासळीबाजारात बायकांच्या डोक्यावर माझ्या बापाच्या हातच्या कितीतरी पाट्या असतील. आम्ही मालवण बघितलेलं नव्हतं.

पाट्यांना माणगा लागतो. बांबूंमध्ये हा सगळ्यात सालस, हवा तसा वळतो. आमच्या गावात माणग्याची बेटं होती ती एकट्या खोताच्या कुंपणात. खोती कायद्यानं गेली होती. म्हणजे कागदावरून गेली होती. बेटं कुठं जाणार? कोयती लावायची तर खोताची 'हूं' लागायची. ती 'हूं' मिळावी म्हणून त्याच्या घरची वर्षाची सुपं-रोवळ्या आम्ही विणून द्यायची, आणि तो हाक मारील तेव्हा हातातलं टाकून जायचं.

बापाचे डोळे देवीच्या साथीत गेले. मी तेव्हा आवशीच्या पोटात होते. त्यानं मला पाहिलेलं नाही. पण अंगणात बसून तो बांबू चिरायचा, बेळ काढायचा, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्या, त्या अशा एकसारख्या की डोळस माणसानं तोंडात बोट घालावं. एखादा बांबू बोटांनी दाबून म्हणायचा, "ह्यो माणगो कवळो आसा. सा म्हयन्यांत किडतलो." आणि तो किडायचा.

डोळे जायच्या आधी त्यानं डोंगर पालथा घातला होता. घाटावर जायची जुनी पायवाट आमच्या गावावरूनच चढते. तीन-चार तासांची उभी चढण. खोताची ओझी डोक्यावर घेऊन आधी माझा आजा आणि मग बाप त्या वाटेनं वर-खाली करायचे. वेठ. तिचं कुणी काही देत नसे आणि कुणी मागतही नसे. डोळे गेल्यावर वेठ सुटली, पण वर्षातून एकदा बाप वर जायचाच. राखणदाराला डहाळी द्यायला.

हा राखणदार म्हणजे माथ्यावरच्या सड्यावरचा, उघड्या कातळावरचा, एक काळा दगड. वर छप्पर नाही, पुजारी नाही, म्हणून शिवाशीवही नाही. रीत अशी की पायथ्याशी पाल्याची डहाळी मोडायची, वाटेत कुठंही ती खाली ठेवायची नाही, माथ्यावर नेऊन दगडापुढे ठेवायची. मग दगडाला हात लावायचे आणि ते डोळ्यांना लावायचे. खोत तेच करायचा, आम्हीही तेच करायचो. गावच्या देवळात आम्हाला पायरीखालून, लांबून हात जोडावे लागायचे. ज्याला हात लावता येईल असा बापाचा देव तो एवढाच.

सात वर्षांची झाले तेव्हापासून बापाबरोबर मी वर जायची. काठीचं मागचं टोक त्याच्या हातात, पुढचं माझ्या. लोकांना वाटायचं मी त्याला नेते. खोटं. डोंगरावर त्याला माझी काडीची गरज नव्हती. मागून तोच सांगायचा, "आता मूळ इला, पाय उचल गो." "हयसर वायच थांब, म्होरे निसारडा आसा." मी डोळस होते आणि मीच ठेचकाळायची. काठी धरली म्हणजे मला चालायला बळ यायचं, एवढंच.

त्या वर्षी मे महिन्यात खोताचा भाचा मित्रांना घेऊन आला. ओटीवर आंबे खात बसलेले असताना खोतानं बढाई मारली की आमचा आंधळा महार एकटा डोंगर चढतो. भाचा म्हणाला, शक्य नाही. पैज लागली. दुसऱ्या दिवशी उजाडताच खोताचा गडी ओहोळापलीकडे उभा राहून ओरडला, "आंधळ्याक बोलावलानी हा. चेडवाक पण."

आवस चुलीपुढून म्हणाली, "अख्ख्या गावातले डोळेवाले मेले काय? आंधळ्याक कित्याक बोलावतत?"

"माणगो तोडूचो आसा," बाप म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

खोतानं मला आधीच दम दिला. काठीला हात लावायचा नाही. फराळाचा डबा डोक्यावर घेऊन मागून यायचं. "काठी धरलंस तर पैज मोडात." मी अकरा वर्षांची. डबा पितळेचा. पहिल्या चढणीलाच मान अवघडून गेली.

बाप पुढे चालला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डहाळी. त्याच्यामागे ते सहा जण. एक जण मुद्दाम पुढे जाऊन वाटेत धोंडा सरकवून ठेवायचा. बाप काठीनं चाचपून बाजूनं जायचा. मग टाळ्या. एका वळणावर कडा आहे, खाली हात हात वाढलेली कारवी आणि मग काहीच नाही. तिथं भाचा म्हणाला, "आता उजवीकडे वळ." उजवीकडेच कडा होता. बाप थांबला.

"थयसर वाट नाय, धनी. थयसर वारो खालसून येता."

पुन्हा टाळ्या. दरवेशाच्या अस्वलानं सलाम केला की वाजतात तशा. भाचा म्हणाला, "कमाल आहे हं मामा तुमच्या माणसाची." माझ्या बापाला कुणी काही म्हणालं नाही. कौतुक खोताचं झालं.

अर्ध्या वाटेवर झरा आहे. वैशाखात तो दिसत नाही, कारवीच्या मुळाशी दडून असतो. पाहुण्यांच्या घशाला कोरड पडली होती. बाप दोन-तीन ठिकाणी थांबला, कान दिला आणि म्हणाला, "हयसर." पाला बाजूला केला तर पाणी होतं. सगळे ओंजळीनं प्यायले, तोंडं धुतली, मग बूट काढून पाय धुतले. मग खोत म्हणाला, "आता तुमी पिया. खालच्या अंगान." आम्ही खालच्या अंगाला जाऊन त्यांच्या पायांची माती निवळायची वाट बघितली. ती काही निवळेना. बाप प्यायला. मीही प्याले.

मग माथा. मग ते बूट. ते सांगून झालंय.

पैज खोतानं जिंकली. भाच्यानं हसत हसत बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि खोताला टाळी दिली. खरा राखणदार तिथंच दहा पावलांवर होता. बापाच्या हातावर कुणीतरी चार बिस्किटं ठेवली. माझ्या हातावर दोन. मी ती खाल्ली.

उतरताना बाप झऱ्यापाशी थांबला. खाली बसून त्यानं डोळे धुतले. खूप वेळ धुतले. खोत ओरडला, "आंघोळ करतंस काय रे?" बाप म्हणाला, "डोळ्यांत धूळ गेली, धनी."

मी ठरवून टाकलं, बापाला काही कळलेलं नाही. त्यावर मी दोन वर्षं काढली. त्याला कळलं नाही, म्हणजे ते झालंच नाही, असा काहीतरी हिशोब. पण अंगणात तो विणत बसला की मला त्याच्या हातांकडे बघवायचं नाही. पाणी दे म्हणाला तर तांब्या त्याच्यापुढे ठेवून मी पळायची. आवस म्हणायची, "काय गो, ह्या चेडवाक भूत लागला काय?" बाप काही म्हणायचा नाही. आमच्या घरात बोलणं आधीच कमी, ते आणखी कमी झालं.

त्या दोन वर्षांत आमच्या वाडीनं धर्म बदलला. देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले आणि ओहोळात नेऊन सोडले. टोपली बापानंच विणली होती. बाहेरून आलेला एक माणूस सगळ्यांना सांगत होता, यापुढे कुठल्याही दगडाधोंड्याला हात जोडायचे नाहीत. कुणीतरी विचारलं, राखणदाराचं काय? तो तर कुणालाच आडकाठी करत नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझा बाप मागच्या रांगेतून म्हणाला, "तोय नको." इतक्या झटकन म्हणाला की मी वळून बघितलं. मला वाटलं होतं सगळ्यात जास्त तोच हळहळेल.

मग पुन्हा मे. भाच्याचं लग्न झालं होतं. बायको होती, मेहुणी होती, मित्र होते आणि गळ्यात कॅमेरा होता. खोताचा गडी पुन्हा ओहोळापलीकडे उभा राहिला.

या वेळी आम्ही खोताच्या अंगणात उभे असताना बाप म्हणाला, "धनी, डोंगर चढतंय. पण आमी आता देवाक हात जोडणव नाय."

खोत पानाला चुना लावत होता. त्यानं वरही बघितलं नाही. "नको जोडू. मगे माझ्या माणग्याक पण हात लावू नको."

बाप म्हणाला, "येतंय वर."

मी तेरा वर्षांची होते. बापाच्या तोंडाकडे बघितलं, तिथं मला काहीच दिसलं नाही. संताप आला तो त्याचाच. खोताचा यायला हवा होता. पण आपल्या माणसावर संतापायला भीती लागत नाही.

पायथ्याशी खोतानं स्वतःच्या हातानं डहाळी मोडली आणि बापाच्या मुठीत कोंबली. "धर. फोटोक बरी दिसात." पैज वगैरे काही नव्हती, म्हणून काठी धरायला मला मोकळीक होती. डोक्यावर डबा, एका हातानं तो सावरायचा, दुसऱ्या हातात काठीचं पुढचं टोक. मागून बाप काही सांगत नव्हता. मूळ आलं तरी सांगत नव्हता. मी ठेचकाळत चालले होते.

झऱ्यापाशी सगळे बसले. पाणी प्यायले, पाय धुतले. आम्ही दोघं दोन हात लांब उभे. भाचा बायकोला मागल्या वेळची गोष्ट सांगायला लागला. रंगवून सांगत होता. डहाळी कशी ठेवली, गाऱ्हाणं कसं घातलं. माझ्या बापाचा आवाज काढून दाखवला. "चेडवाचा तोंड एकदा दाखय." बायको हसून हसून बेजार झाली. मेहुणीनं विचारलं, "आणि त्याला अजून कळलेलं नाही?"

"आंधळा आहे तो. त्याला काय कळणार?"

हे सगळं माझ्या बापाच्या तोंडासमोर. आंधळा म्हणजे बहिराही, असंच या लोकांना वाटतं. का आम्ही ऐकलं तरी काय फरक पडतो, असं वाटतं, कोण जाणे.

मग भाचा म्हणाला, "मामा, या खेपेला काय ठेवूया? हिच्या सपाता ठेवू."

"इश्श, काहीतरीच," बायको म्हणाली. म्हणाली आणि पायातली एक सपाता काढून बघायला लागली, चांगली दिसेल का ते. खोत खुदखुदला. आणि वळून माझ्याकडे बघायला लागला. तेच बघणं. हास, असं सांगणारं.

माझे ओठ हलायला लागले होते. हे मी लपवत नाही. दोन वर्षांनी, सगळं कळत असूनही, माझे ओठ आपोआप ताणले जायला लागले. ते मला कळलं. म्हटलं, हे बूट माझ्या तोंडातच घालून ठेवलेत यांनी.

मी डबा डोक्यावरून खाली ठेवला. जोरात ठेवला. झाकण उडालं.

"बाबा, पाठी फिर."

"काय झाला गो?"

"पाठी फिर. तेवा राखणदार नव्हतो थय. ह्यांचे बूट होते. तुझा गाऱ्हाणा आयकान हे हसले. मीय हसललंय."

बोलून टाकलं आणि मला वाटलं, आता तो कोसळेल. मी काठी घट्ट धरली. बाप जागचा हलला नाही.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला.

"काय म्हायत आसा?"

"हात लावल्याबरोबर कळला. चामडा आनी दगड कळना नाय, इतको मी आंधळो नाय गो." तो थांबला. "उठतलंय होतंय मी. तेवड्यात तुझा हसणा आयकलंय. म्हटलंय, पोरीक ह्यो खेळ वाटता. मी उठलंय तर ह्या सगळ्यांच्या म्होरे तेका कळतला, आपल्या बापाशीक काय केला ता. म्हणान हात डोळ्यांक लावलंय."

त्याला कळू नये म्हणून मी गप्प होते. मला कळू नये म्हणून तो. दोन वर्षं एका घरात. त्या बुटांची मस्करी भाच्यानं अर्धीच केली होती. उरलेली आम्ही दोघांनी मिळून पुरी केली. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. सगळ्या अंगाची आग झाली होती.

खोत उठला. "चेडवाक जीब फुटली काय? डबो उचल. काठी धर. नायतर माणग्याच्या बेटात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन. दोगांची."

बाप मला म्हणाला, "हयसर ये."

मी जवळ गेले. त्यानं काठी काखेत धरली आणि रिकामा हात माझ्या तोंडावर ठेवला. लहानपणी कधी ठेवला असेल तर मला आठवत नाही. कपाळ, नाक, गाल. बांबू तपासतो तसा सावकाश. मग ओठ. मग जबडा दाबून बघितला. माझे दात एकमेकांवर आवळलेले होते.

"आता हसतंस?"

"नाय."

"बरा," तो म्हणाला.

मेहुणीनं भाच्याच्या गळ्यातला कॅमेरा घेऊन डोळ्याला लावला होता. तिनं तो खाली केला. का केला ते मला माहीत नाही, आणि तिला त्याचं पुण्य द्यायची माझी तयारी नाही.

बापानं मुठीतली डहाळी चाचपत चाचपत त्या डब्यावर ठेवली. "ह्या तुमचा. तुमीच न्हेवा." तो 'धनी' म्हणाला नाही. जन्मात पहिल्यांदा ते वाक्य त्या शब्दाशिवाय संपलं. मग त्यानं काठी पुढे केली. मी टोक धरलं आणि आम्ही उतरायला लागलो.

पहिली दहा-वीस पावलं माझे पाय लटलट कापत होते. मागून शिव्या येत होत्या. त्या मी लिहीत नाही, आमच्या प्रत्येकाला त्या पाठ आहेत. एक धोंडाही आला, आमच्या बाजूनं गडगडत गेला. बाप म्हणाला, "म्होरे मूळ आसा. पाय उचल." बस्स, एवढंच. मग थेट ओहोळ येईपर्यंत काही नाही.

घरी त्यानं आवशीला सगळं सांगितलं. तेव्हाचं आणि आत्ताचं. ती ऐकत होती. मला वाटलं ती माणग्यासाठी कपाळ बडवून घेईल. ती म्हणाली, "दोन वर्सां आदीच फिरूचा होता." आणि आमच्या दोघांकडे असं बघितलं की ते मला खोताच्या शिव्यांपेक्षा लागलं. खरं होतं ते, म्हणून लागलं.

बेट बंद झालं. खोतानं शब्द पाळला, त्या बाबतीत ती माणसं पक्की. पावसाळ्यापुरतं घरात होतं-नव्हतं ते विणलं आणि मग विणायला काही उरलं नाही. दिवाळीच्या सुमाराला आम्ही बिऱ्हाड बांधून निघालो ते मालवणला. मासळीबाजारामागं एका झोपडीत राहिलो. बांबू लांबून यायचा, महाग यायचा, पण तो आणणारा आमच्याकडून नमस्कार मागायचा नाही. बाप पाट्या विणायचा. कोळणी येऊन पाटी उलटीसुलटी करून बघायच्या, घासाघीस करायच्या, भांडायच्या. बापाला त्या भांडणाचं फार सुख वाटायचं. बरोबरीनं भांडतात, म्हणायचा.

मी शाळेत गेले. सातवी झाले, मास्तरकीचं शिक्षण घेतलं. आज किनाऱ्यावरच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे, बाप माझ्याजवळच राहतो. वर्गात पोरांबरोबर मी खूप हसते. पण शिक्षकांच्या खोलीत माझं नाव पडलंय, 'न हसणारी बाई'.

परवा मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खुर्चीचा वेत तुटला. सगळे जमलेले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता सुतार कशाला शोधायचा? बाई आहेत की. यांचा हात पिढीजात आहे. सरकारनं खुर्चीवर बसवलं, म्हणून काय विणायचं विसरल्या असतील?"

हशा झाला. मोठा नाही, पाच-सहा जणांचा, चहाबरोबर होतो तेवढा. आणि मग ते सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते बघणं मी ओळखते. हास बाई, म्हणजे आम्हाला मोकळं वाटेल. हसलीस तर ही गंमत, नाही हसलीस तर तुझा स्वभाव वाईट.

मी कप खाली ठेवला. विणकामाची मला लाज नाही. माझ्या बापाच्या हाताएवढा हुशार हात या शाळेत एकाचाही नाही. पण त्यांनी ते हात माझ्यापुढे बुटांसारखे ठेवले होते.

मी म्हणाले, "परत सांगा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. मला नीट ऐकू आलं पाहिजे. सगळ्यांसमोर परत सांगा."

"अहो, गंमत केली बाई."

"गंमत परत सांगता येते. सांगा."

कुणाचं तरी हसू तोंडावर अर्धवट राहिलं होतं, ते त्याला पुसता येईना. मुख्याध्यापकांनी कागद चाळायला घेतले. मी उभी राहिले. घंटा होईपर्यंत उभी राहिले. माझे पाय त्या झऱ्यापाशी कापले होते तसेच कापत होते. कापू देत. पाय कापतात म्हणून मी आता बसत नाही.

संध्याकाळी बापाला सांगितलं. तो पाटीचा काठ वळत होता. त्यानं एवढंच विचारलं, "तू हसलंस?"

"नाय."

त्यानं बेळ आवळली आणि पुढचा वळसा घेतला.

आज तीन दिवस झाले. काही जण मला सांगून गेले की सोडून द्या, ते मोठे आहेत, बदली करतील. करू देत. काल मी पुन्हा त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि तेच विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. उद्या शाळा आहे. त्यांनी अजून परत सांगितलेलं नाही. मी उद्याही विचारणार आहे.